निक्सओएस: स्पेशलायझेशन वापरायचं की वेगळी कॉन्फिगच लिहायची?

निळीशाई:
निक्सओएस या लिनक्स प्रणालीत आख्खी सिस्टीम कॉन्फिग फाइलमध्ये लिहिलेली असते; तिथे एकाच मशीनला दोन रूपं हवी असतील तर स्पेशलायझेशनच (त्याच कॉन्फिगमध्ये लिहिलेलं, थोडा फरक असलेलं पर्यायी रूप) वापरावं असं माझं ठाम मत आहे. समजा लॅपटॉप आहे, बॅटरीवर असताना एनव्हिडिया ग्राफिक्स कार्ड ऑफलोड मोडमध्ये (गरजेपुरतंच वापरलं जाणारं) हवं आणि बाहेरचा मॉनिटर जोडला की सिंक मोड (कार्ड कायम चालू), एवढाच फरक, त्यासाठी आख्खी दुसरी सिस्टीम कशाला लिहायची? मूळ कॉन्फिगमध्ये चार ओळी टाकल्या, रीबिल्ड केलं (कॉन्फिगवरून सिस्टीम पुन्हा बांधली) की बूट मेनूत वेगळी एंट्री येते आणि बाकी सगळं मूळचंच लागू होतं.

टर्मिनलवाला:
मूळचं लागू होतं तीच तर अडचण आहे हो! मूळ कॉन्फिगमध्ये ऑफलोड चालू आहे, तुम्ही स्पेशलायझेशनमध्ये नुसतं बंद लिहिलं तर दोन किमती भिडतात आणि बिल्ड अडतं, मग लावा एमकेफोर्स (बाकीच्या डावलून हीच किंमत धर असं सांगणारं फंक्शन). पॅकेजेसच्या यादीत तर नवीन भर पडते पण जुनं काढता येत नाही, आख्खी यादी फोर्स करावी लागते. त्यापेक्षा कॉमन मॉड्यूल (दोन्हीकडे वापरायचा कॉन्फिगचा तुकडा) एक, आणि फ्लेकमध्ये (निक्स प्रकल्पाच्या मुख्य फाइलमध्ये) दोन आउटपुट, म्हणजे दोन स्वतंत्र सिस्टीम, काय कुठे लागू आहे ते वाचताक्षणी कळतं.

निळीशाई:
त्यावर उपाय आहे ना, जे फक्त मूळ रूपात हवं ते एमकेइफमध्ये (अट खरी असेल तरच लागू होणाऱ्या भागात) घालायचं, अट एवढीच की स्पेशलायझेशनची यादी रिकामी नसावी; स्पेशलायझेशनच्या आत ती रिकामीच असते. फोर्स लागतच नाही.

रात्रपाळी:
मी टर्मिनलवाल्यांच्या बाजूने. प्रत्येक रीबिल्डला सगळी स्पेशलायझेशन्स इव्हॅल्युएट आणि बिल्ड होतात, चार-पाच झाली की वेळ जाणवतो. शिवाय चालू स्पेशलायझेशनमध्ये असताना साधं स्विच केलं की गुपचूप मूळ रूपात परत, दर वेळी नाव द्यायचं लक्षात ठेवा.

निळीशाई:
सगळी एकत्र बिल्ड होतात हाच तर फायदा! दोन्ही रूपं एकाच लॉक फाइलवर (पॅकेजेसच्या नेमक्या आवृत्त्या बांधून ठेवणारी फाइल), एकाच जनरेशनमध्ये (रीबिल्डगणिक जपली जाणारी सिस्टीमची आवृत्ती). वेगळं आउटपुट सहा महिने कोणी बिल्ड करत नाही आणि नेमकं लागतं तेव्हा ते मोडलेलं निघतं. आणि दोन आउटपुट एकाच प्रोफाइलवर (जनरेशन्सच्या एकाच मालिकेवर) आलटून पालटून स्विच केली की जनरेशन्सची सरमिसळ होते, रोलबॅक केलं (मागच्या जनरेशनवर गेलात) तर भलत्याच रूपात जाता.

टर्मिनलवाला:
सरमिसळ टाळायला वेगळं प्रोफाइल नाव देता येतं. पण मोडलेलं निघण्याचा मुद्दा मान्य, तो खराच आहे. तरी कर्नलच (सिस्टीमचा गाभा) वेगळा हवा असेल तर रीबूट चुकत नाहीच, चालू सिस्टीमवर स्विच करण्याची सोय तिथे उपयोगाची नाही, आणि फरक डेस्कटॉपपासून फाइल सिस्टीमपर्यंत असेल तर मी दोन आउटपुटच ठेवणार.