गावाहून आणलेलं सामान तुमच्या घरात कुठे राहतं?

परळ

मे महिन्यात गावाहून परतलो. पहाटे तुतारी दादरला लागली तेव्हा आम्हा तिघांकडे मिळून सात डाग होते. उकडे तांदूळ, कुळथाचं पीठ, कोकमाच्या आगळाच्या दोन बाटल्या, फणसाची साठं, सोललेले नारळ, हिराची केरसुणी आणि आईने शेवटच्या क्षणी कोंबलेली भेंड्यांची पिशवी. घरी पोचल्यावर बायको एवढंच म्हणाली, "सगळं हवंय मला. फक्त ठेवू कुठे, ते सांगा."

खोली १८० चौरस फुटांची. पोटमाळा वडिलांनी घालून घेतला तो आमच्या झोपण्यासाठी नाही, गावच्या तांदळासाठी. १९९८ मध्ये कोकण रेल्वे सुरू होईपर्यंत ते पोतं एसटीच्या टपावरून यायचं. नाक्यावर उतरलं की वडील खांद्यावर घेऊन तिसरा मजला चढायचे आणि शिडीवरून वर सरकवायचे. नंतर शिडीच्या जागी लोखंडी जिना आला, ओट्याखाली बरण्यांसाठी कडप्प्याचा कप्पा आला. आमच्या घरात आजवर जेवढी दुरुस्ती झाली, ती या सामानाने करायला लावली.

म्हणून हा धागा. तुमच्या गावाहून काय येतं, मुंबईच्या घरात ते कुठे राहतं आणि त्यापायी घरात काय काय बदललं, ते लिहा. लहानसहान असलं तरी लिहा.

भांडुप

माझ्याकडे आईचा बिडाचा तवा आहे. माहेर संगमेश्वराकडचं. लग्नानंतर पहिल्या गणपतीला गेले तेव्हा आईने तो जुन्या लुगड्यात गुंडाळून दिला.

पहिल्याच वर्षी चूक झाली. रात्री घाईत तवा पाण्यात भिजत टाकला आणि सकाळी वर तांबूस गंज. मी अक्षरशः रडले. आईला फोन केला तर ती शांतपणे म्हणाली, "बीड मरत नाही गो, घास त्याला." चिंच लावून घासला, धुऊन लगेच गॅसवर ठेवून कोरडा केला. मग अर्धा कांदा सुरीच्या टोकाला खोचून तेलात बुडवायचा आणि तापल्या तव्यावर गोल गोल फिरवायचा. कांदा करपला की दुसरा. चार दिवस रोज हेच केलं. पाचव्या दिवशी पीठ ओतलं, झाकण ठेवलं आणि कडा आपोआप सुटल्या. आईच्या हातची असते तश्शी जाळी पडली होती.

गॅसची आच मधेच लागते, चुलीसारखी सगळीकडे जात नाही. म्हणून मी तवा थोडा थोडा सरकवत राहते. आणि तो माळ्यावर ठेवत नाही. दाराच्या मागे मजबूत खिळा ठोकून घेतलाय, तिथे टांगते. डोळ्यासमोर असला की दर रविवारी घावने होतात आणि वापरात राहिला की गंज धरत नाही.

लालबाग

सगळे कोकणातले दिसताय, म्हणून घाटावरच्यांतर्फे लिहितो. गाव माण तालुक्यात. आमच्याकडे ज्वारी, बाजरी, मटकी आणि भुईमुगाच्या शेंगा येतात. ज्वारी पत्र्याच्या कोठीत राहते, मधे मधे कडुलिंबाचा वाळवलेला पाला घालून. पाला सावलीतच वाळवायचा.

ही कोठी घरात कधी आली ते सांगतो. वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि पगार थांबला. मी तेव्हा चौथीत. चुलते गावाहून एसटीत ज्वारीची पोती घालायचे आणि आम्ही भाऊ मुंबई सेंट्रलला उतरवून घ्यायला जायचो. उंदरांना पोती पुरेनात तेव्हा आईने कानातलं विकून कोठी घेतली. तिच्या त्या निर्णयाचं मोल मला फार उशिरा कळलं. त्या वर्षात आम्ही उपाशी झोपलो नाही. भाकरी आणि खर्डा असायचाच.

आता आमच्याकडे दोन पायली ज्वारी आली तरी खूप. मुलं म्हणायची, कोठी काढा, जागा अडते. मी सुताराकडून कोठीच्या मापाचा प्लायवूडचा फळा करून घेतला, कडेला लाकडी पट्टी मारून. वर टेबल, खाली ज्वारी. मुलीने दहावीचा सगळा अभ्यास त्याच्यावर केला. ज्वारी काढायची असली की ती वह्या उचलायची, फळा आम्ही दोघं धरून उतरवायचो. आता ती नोकरीला लागली आहे. कोठी हलवायची नाही, असं तीच बजावते.

कुर्ला

दिवाणाखाली आंब्याची अढी. तळाला गावचं भाताचं पेंढं, आंबे देठाकडची बाजू खाली करून, एकमेकांना न लागता. रोज सकाळी हात घालून पाहायचं, पिकलेले आधी काढायचे. एक सडका राहिला तर शेजारचे चार जातात. दिवाणाचे कप्पे मुद्दाम काढून टाकलेत. वास महिनाभर खोलीत असतो. आणखी काय हवं?

वेसावे

मी कोळीण. आमचं गाव इथेच आहे. शाळेत मे महिन्याची सुट्टी लागली की वर्गातल्या मुली गावाला जायच्या आणि मी विचारायचे, आपण कुठे जायचं? आजी म्हणायची, "आपण गावातच हाव."

पण सामान आमच्या घरातूनही निघतं, फक्त उलट्या दिशेने. बोंबील वलांडीवर सुकत घालायचे तर एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवून जोडी करतात आणि ती दोरीवर टाकतात. ऊन आणि वारा नीट मिळाला की कडक होतात. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, तेव्हा त्याच्या आधी सुकटीची बेगमी व्हायलाच हवी. सोडे, जवळा, बोंबील सगळं डब्यांत भरून आई नाव टाकते. नणंद नाशिकला, मावशी पुण्याला, माझी मैत्रीण इंदापूरला.

घरात वास येतो म्हणून नव्या सुनेच्या माहेरचे नाक मुरडतात, असं बऱ्याच ठिकाणी ऐकलं. आमच्या वहिनी कोल्हापूरच्या. त्यांनीच गच्चीवर जाळीचं कपाट करून घेतलं, चारही बाजूंनी हवा लागेल असं, पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवून, म्हणजे मुंग्या चढत नाहीत. पहिला डबा त्यांच्या आईकडे जातो.

बोरिवली

आमच्याकडे सामान माणसासकट येतं. सासरे जुन्नरकडचे, दर दिवाळीनंतर पंधरा दिवस येतात आणि खिशात कागदाच्या पुड्या असतात. दुधी, घेवडा, दोडका. रंगाच्या रिकाम्या बादल्यांना तळाशी भोकं पाडून त्यांनी खिडकीच्या ग्रिलमध्ये वेल चढवला. पहिल्या वर्षी दोन दुधी धरले. मी रोज त्यांना फोनवर लांबी सांगायचे.

गेल्या खेपेला त्यांना कान्हेरीला नेलं. मला वाटलं होतं, ते मूर्ती बघतील. ते आयुष्यभर विहिरी बांधत आले. बुद्धमूर्तीला हात जोडले आणि मग थेट लेण्यांबाहेरच्या पाण्याच्या टाक्यांशी जाऊन बसले. वरच्या खडकात कोरलेल्या पन्हळीवर बोट फिरवत मला म्हणाले, "सूनबाई, हे बघ, पावसाचं पाणी कुठून घेतलंय." शंभराहून जास्त लेणी आहेत तिथे. आम्ही दहासुद्धा पाहिली नसतील, पण पाणी कुठून येतं आणि कुठे साठतं, हे मला त्यांनी पायऱ्या चढत, उतरत नीट दाखवलं. त्या डोंगरावर मी पाच वेळा जाऊन आले होते, पन्हळी एकदाही दिसल्या नव्हत्या.

नायगाव

बीडीडी चाळ. खोली १६० चौरस फूट, पुनर्विकासात ५०० चौरस फुटांचं घर मिळणार. सध्या संक्रमण शिबिरात आहोत. सामान हलवताना टेम्पोवाल्याने पाटा-वरवंटा खालीच ठेवला, म्हणाला, दगड कशाला नेताय. आई पाट्याशेजारी उभी राहिली. तो चढेपर्यंत ती टेम्पोत बसली नाही.

आजीने तो मालवणहून बोटीने आणला होता. पूर्वी चाळीत टाकी लावायला बाई यायची. छिन्नीने पाट्यावर बारीक टोचे मारत जायची आणि नंतर आई त्यावर आधी मीठ-तांदूळ वाटून टाकून द्यायची, कच जाऊ दे म्हणून. आता ती बाई येत नाही. पाटा गुळगुळीत झालाय, वाटप घसरतं. नव्या घराच्या स्वयंपाकघरात त्याची जागा आईने कागदावर आखून ठेवलीय, खिडकीखाली, मोरीच्या उजवीकडे. टाकी लावणारं कोणी मुंबईत माहीत असेल तर कृपया सांगा.

परळ

नायगावकर, आमच्या मजल्यावरच्या काकी दर वर्षी पाट्याला टाकी लावून घेतात. उद्या सकाळी विचारून इथेच लिहितो. आईंना सांगा, दगड मात्र कुणाकडे सोडून येऊ नका, समोर बसूनच करून घ्या.

भांडुपच्या ताई, तुमचं वाचून बायकोने पोटमाळ्यावरून आमचाही तवा खाली काढला. कडेला गंज आहे. घरात चिंच नाही, आगळ आहे. त्याने घासला तर चालेल का?