मैत्रिणीला एका संस्थेने दुसऱ्या संस्थेकडे पाठवलंय, तिची माहिती किती जणांपर्यंत जाते?

पाऊलवाट:
नमस्कार, माझ्या एका जवळच्या मैत्रिणीबद्दल विचारायचंय. ओळख पटेल असं काही लिहीत नाही त्यामुळे थोडं तुटक वाटेल. नवरा मारतो, पगार त्याच्याच हातात, फोनचा पासवर्ड त्याला माहीत. खूप हिंमत करून तिने एका संस्थेच्या हेल्पलाइनला फोन केला, त्या बाई नीट बोलल्या पण म्हणाल्या की आमच्या निवारागृहात आत्ता जागा नाहीये, नेटवर्कमधल्या दुसऱ्या संस्थेला विचारते आणि वकिलाची मदत तिसऱ्या संस्थेकडून मिळेल. तेव्हापासून ती घाबरून बसलीय. म्हणते एकीला सांगितलं ते ठीक, आता माझं नाव पाच ठिकाणी फिरणार आणि कुठून तरी त्याच्या कानावर जाणार. त्याच्या ओळखी खूप आहेत हे खरंय. हे नेटवर्क म्हणजे नक्की काय, कोण कोणाला काय सांगतं? की ही नुसती टोलवाटोलवी आहे?

शांतनदी:
ताई, मी अशाच एका हेल्पलाइनवर काम करते म्हणून आतून कसं चालतं ते सांगते. राहायची जागा, वकील, डॉक्टर, मुलांची शाळा, नोकरी, समुपदेशन हे सगळं एकाच संस्थेकडे जवळपास कधीच नसतं, तेवढे पैसेही नसतात आणि माणसंही. म्हणून संस्था एकमेकींना बांधून असतात.

आता नावाचं. जागा शोधताना नाव लागतच नाही. आम्ही समोरच्या संस्थेला एवढंच विचारतो की एक बाई आहे, दोन मुलं आहेत, मोठा मुलगा अमुक वर्षांचा, अमुक भाग नको, जागा आहे का. मुलाचं वय सांगावं लागतं कारण काही निवारागृहं ठरावीक वयापुढचे मुलगे घेत नाहीत. कुठला भाग नको हे त्याहून महत्त्वाचं, तिथे त्याचे नातेवाईक असतात, त्याचं कामाचं ठिकाण असतं. ब्रिटनमध्ये ‘रूट्स टू सपोर्ट’ नावाचा संस्थांचा सामायिक डेटाबेस आहे, त्यात कुठल्या निवारागृहात जागा रिकामी आहे ते दिसतं, तो बघून कार्यकर्त्या बाईला दुसऱ्या शहरात पाठवू शकतात. नेटवर्कची खरी गरज इथेच आहे, कारण घराजवळचं निवारागृह बरेचदा सगळ्यात धोक्याचं असतं. लंडनच्या चिझिकमध्ये 1971 साली एरिन पिझी यांनी मार सोसणाऱ्या बायकांसाठी सुरू केलेलं घर बघता बघता भरून वाहू लागलं, मग ठिकठिकाणी अशी घरं उभी राहिली आणि 1974 मध्ये त्यांचं राष्ट्रीय फेडरेशन झालं.

नाव आणि बाकी हकिकत पुढे द्यायची तर तिची संमती घ्यायलाच हवी. अमेरिकेत सरकारी निधी घेणाऱ्या अशा संस्थांना कायद्यानेच लेखी संमती घ्यावी लागते, काय सांगणार, कोणाला आणि कधीपर्यंत हे ठरवून. जिथे असा कायदा नाही तिथेही चांगल्या संस्था हेच पाळतात. तिने सरळ विचारावं, "माझ्याबद्दल कोणाला काय सांगणार? मी नको म्हटलं तर?" आणि हेही विचारावं की माझ्या संमतीशिवाय तुम्हाला कधी सांगावं लागतं, कारण मुलाच्या जिवाला धोका असेल तर बऱ्याच ठिकाणी कळवणं बंधनकारक असतं. ते आधीच स्पष्ट सांगणारी संस्था विश्वासाची.

नवीपालवी:
मी यातून गेलेय. पहिल्यांदा ज्या संस्थेत गेले तिथे दर वेळी नवीन माणूस आणि दर वेळी पहिल्यापासून सगळं सांगायचं, कधी मारलं, कशाने मारलं, शेवटी मी जाणंच बंद केलं. दुसरीकडे मात्र एकच ताई माझ्यासोबत शेवटपर्यंत होत्या. वकिलाकडे त्या आल्या, दवाखान्यात त्या आल्या, मला फक्त जे राहिलंय ते सांगायचं होतं. मैत्रिणीला म्हणावं माझी एक ठरलेली कार्यकर्ती कोण ते आधी विचार. मला सावरलं ते त्या एका माणसामुळे.

सरळमत:
विषय गंभीर आहे मान्य, पण या संस्था लगेच घर सोड म्हणतात असं ऐकलंय. आधी दोघांना समोरासमोर बसवून बोलता येणार नाही का, कोणीतरी मध्यस्थ घेऊन?

शांतनदी:
दादा, नीट काम करणारी संस्था घर सोड असं सांगत नाही आणि राहा असंही सांगत नाही. बाई अजून घरात असतानाच कार्यकर्त्या तिच्यासोबत सेफ्टी प्लॅन करतात, म्हणजे भांडण सुरू झालं तर कुठल्या खोलीत थांबायचं नाही, कागदपत्रांच्या प्रती कोणाकडे ठेवायच्या, शेजारी कोणाला काय खूण द्यायची, मुलांना काय शिकवायचं. पण मार असलेल्या घरात दोघांना एकत्र बसवणं मला साफ चुकीचं वाटतं. ती त्याच्यासमोर खरं बोलली तर घरी गेल्यावर त्याची किंमत तीच मोजते, आणि नाही बोलली तर त्या बैठकीचा उपयोग काय? बाई निघायच्या तयारीत असते किंवा नुकतीच निघालेली असते तेव्हाच धोका खूप वाढतो, म्हणून निघायचा दिवस घाईने ठरवत नाहीत.

पाऊलवाट:
सगळ्यांचे मनापासून आभार, तिला वाचून दाखवलं. एक गोष्ट मी आधी लिहिली नव्हती कारण ती म्हणते ती किरकोळ आहे. गेल्या महिन्यात त्याने तिचा गळा दाबला होता, खूण काही उमटली नाही, दोन दिवस आवाज बसला होता एवढंच. हे संस्थेला सांगायला हवं का?

शांतनदी:
हे किरकोळ नाही ताई, हे आजच सांगायला सांगा. 2008 मध्ये आलेल्या एका अमेरिकन अभ्यासात असं दिसलं की जोडीदाराने आधी गळा दाबलेला असेल तर पुढे त्याच्या हातून खून होण्याची शक्यता सात पटींहून जास्त असते. नर्स आणि संशोधक जॅकलिन कॅम्पबेल यांनी धोका मोजायची जी प्रश्नावली केली तिच्यातही गळा दाबण्याचा प्रश्न आहे, बऱ्याच संस्था ती वापरतात. बाहेर खूण नसली तरी आत इजा असू शकते. आवाज बसणं, गिळायला त्रास, चक्कर, डोकं दुखणं यातलं काहीही झालं असेल तर डॉक्टरला गळा दाबला होता असं स्पष्ट सांगून तपासून घ्यायचं, महिना झाला असला तरी, आणि त्याची नोंद करून घ्यायची.

अशा केसमध्ये नेटवर्कचं काम वेगळ्या वेगाने होतं. कार्डिफमध्ये 2003 पासून जास्त धोका असलेल्या केससाठी पोलीस, आरोग्य सेवा, घरांचं खातं आणि संस्था एका टेबलाशी बसायला लागल्या, पुढे ती पद्धत ब्रिटनभर गेली. त्या बैठकीत बाईच्या बाजूने बोलायला तिची कार्यकर्ती असते. जिथे अशी बैठक नाही तिथेही ‘गळा दाबलाय’ हे कळलं की कार्यकर्ती जागेसाठी वाट बघत बसत नाही, तात्पुरती सोय लगेच शोधते.

खिडकी:
फोनबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितेय. पासवर्ड त्याला माहीत आहे तर तिने संस्थेशी त्या फोनवरून बोलूच नये, ताई तुमचा फोन किंवा ऑफिसचा वापरा. हेरगिरीचं ॲप असेल असं वाटलं तरी घाईने काढू नका, ते गेलं की त्याला कळतं आणि तो आणखी चिडू शकतो, शिवाय पुरावाही जातो. आधी कार्यकर्तीला विचारा, फोनचं जाणणारं माणूस बहुतेक नेटवर्कमध्ये असतं. लोकेशन शेअरिंग, ईमेल आणि मुलांचा टॅब पण बघून घ्यायला सांगा, मुलांच्या टॅबवरूनच पत्ता कळल्याचं मी पाहिलंय. आणि संस्थेला आधीच सांगून ठेवा की तिच्या नंबरवर फोन करायचा नाही, निरोप तुमच्याकडे द्यायचा आणि बोलायची वेळ तिने ठरवायची.