नदीतल्या औषधांचं बिल कोणाच्या नावावर फाडायचं?

गढूळवाणी
नदीच्या पाण्यात औषधांचे अंश सापडतात यात आता नवल उरलेलं नाही. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत १०४ देशांतल्या २५८ नद्या तपासल्या होत्या. सर्वाधिक ठिकाणी सापडले ते अपस्मारावरचं कार्बामाझेपिन, मधुमेहाचं मेटफॉर्मिन आणि कॅफिन. चौथाईहून जास्त ठिकाणी एखादा तरी घटक सुरक्षित मानलेल्या पातळीच्या वर होता.

यावर उपाय म्हणून शहाणपण शिकवलं जातं ते लोकांना. उरलेल्या गोळ्या संडासात टाकू नका, वगैरे. टाकू नयेतच. पण औषध पाण्यात जातं ते मुख्यतः आपल्या शरीरातून. मेटफॉर्मिन तर शरीरात मोडतच नाही, गिळलं तसं लघवीतून बाहेर. म्हणून युरोपीय संघाने २०२४ मध्ये सांडपाण्याबाबत जो सुधारित निर्देश काढला तो मला रास्त वाटतो. मोठ्या शुद्धीकरण केंद्रांत असे अंश काढणारा चौथा टप्पा बसवायचा आणि त्याच्या खर्चातला किमान ८० टक्के वाटा औषधं आणि प्रसाधनं बाजारात आणणाऱ्यांनी उचलायचा. नफा ज्याचा, निस्तरणंही त्याचंच. यात चूक काय?

खलबत्ता
चूक अशी की हे बिल कंपनीच्या नावावर फाडलं तरी भरणार रुग्णच. मेटफॉर्मिन हे अत्यंत स्वस्त औषध, आणि टनावारी खपतं. पाण्यात किती गेलं यावर आकारणी केलीत तर सगळ्यात जास्त बोजा सगळ्यात स्वस्त औषधावर. महागडं, पेटंटवालं, काही मिलिग्रॅममध्ये दिलं जाणारं औषध अलगद सुटेल. जेनेरिक बनवणाऱ्याला ते परवडलं नाही तर तो उत्पादन बंद करेल. औषध आणि प्रसाधनकंपन्यांच्या संघटना या निर्देशाविरुद्ध न्यायालयात गेल्या आहेत, त्या उगाच नाही.

आणि मुळात अपाय किती? जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ च्या अहवालात म्हटलं होतं की पिण्याच्या पाण्यात ज्या मात्रा आढळतात त्यांनी माणसाला त्रास होण्याची शक्यता फारच कमी आहे. हिशोब करून बघा. लिटरला १०० नॅनोग्रॅम (नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग) कार्बामाझेपिन असलेलं पाणी रोज दोन लिटर, असं ७० वर्षं प्यायलात तर पोटात गेलं साधारण ५ मिलिग्रॅम. एक गोळी २०० मिलिग्रॅमची असते.

पाणकणीस
@खलबत्ता, मासा दोन लिटर पाणी पीत नाही हो, तो त्यातच राहतो.

कॅनडात ओंटारिओमध्ये संशोधनासाठी राखून ठेवलेली सरोवरं आहेत. त्यातल्या एकात २००१ पासून तीन उन्हाळे गर्भनिरोधक गोळीतलं कृत्रिम इस्ट्रोजेन, म्हणजे स्त्री-संप्रेरक, सोडलं. मात्रा लिटरला ५ ते ६ नॅनोग्रॅम, म्हणजे तुमच्या हिशोबातल्या १०० पेक्षा किती कमी बघा. फॅटहेड मिनो नावाच्या लहान माशांच्या नरांमध्ये अंड्यांच्या बलकाचं प्रथिन तयार व्हायला लागलं, वृषणांत अंडपेशी दिसल्या आणि शेवटी त्या सरोवरातून ती जात जवळपास नाहीशीच झाली. इस्ट्रोजेन सोडणं थांबवल्यावर काही वर्षांनी मासे परतले. अपाय करणारी मात्रा किती आणि थांबवल्यावर काय होतं, दोन्ही एकाच ठिकाणी दिसलं. आणखी कसला पुरावा हवाय?

एसटीपीवाला
मी सांडपाणी केंद्रातच काम करतो, म्हणून जरा लांबण लावतो.

नेहमीच्या पद्धतीत, म्हणजे हवा खेळवून जिवाणूंकडून घाण खाववण्यात, पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन बऱ्यापैकी निघून जातं. जिवाणूंना ते चालतं. कार्बामाझेपिनला ते शिवतही नाहीत. उलट कधीकधी बाहेर पडणाऱ्या पाण्यात ते आत येणाऱ्यापेक्षा जास्त भरतं. नवखा माणूस म्हणतो यंत्र बिघडलं. तसं नसतं. यकृताने औषधाला दुसरा रेणू चिकटवून पाठवलेलं असतं, ते आत येताना मोजणीत दिसत नाही. टाकीतले जिवाणू तो जोड तोडतात आणि मूळ औषध पुन्हा मोकळं होतं.

चौथा टप्पा म्हणजे ओझोन किंवा सक्रिय कोळसा. दोन्ही चालतात. पण ओझोनला वीज भरपूर लागते, आणि पाण्यात ब्रोमाइड असेल तर त्यातून ब्रोमेट तयार होतं, जे स्वतःच नको असलेलं. कोळशाची पूड वापरली तर ती गाळात उतरते आणि तो गाळ जाळावा लागतो. स्वित्झर्लंडने हे २०१६ पासून सुरू केलंय, तेही सातशेहून जास्त केंद्रांपैकी निवडक शंभरेक केंद्रांत, २०४० पर्यंतच्या मुदतीने. पैसा उभा राहतो दरवर्षी माणशी कमाल ९ फ्रँक आकारून.

जिथे मैला केंद्रापर्यंत पोचतच नाही तिथे चौथ्या टप्प्याची चर्चा कशाला करायची, हे मला कोणी समजावून सांगा.

खलबत्ता
म्हणजे स्वित्झर्लंडमध्ये भरतात लोकच, कंपन्या नव्हेत. धन्यवाद.

गढूळवाणी
लोक भरतात म्हणून ते न्याय्य ठरत नाही. तिथल्या लोकांना परवडतं, एवढंच. ज्या देशांत माणशी ९ फ्रँक काढणं शक्य नाही तिथे काय करायचं, ते सांगा.

कोरीपाटी
काही नाही. समिती नेमायची.

बॅच_नंबर
घरगुती सांडपाणी आणि कारखान्याचं सांडपाणी एकाच धाग्यात घोळू नका. मी औषधनिर्मितीत वर्षानुवर्षं काढली आहेत, म्हणून माझं ऐकून तरी घ्या.

हैदराबादजवळ पाटनचेरूला नव्वदेक औषध कारखान्यांचं पाणी एका सामाईक केंद्रात जात होतं. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी स्वीडिश संशोधकांनी तिथून *शुद्ध होऊन बाहेर पडलेलं* पाणी तपासलं. सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत. औषध घेतलेल्या रुग्णाच्या रक्तातही एवढं नसतं. अशा पाण्यात जगणारे जिवाणू प्रतिजैविकाला न जुमानणारेच असणार, आणि ते सरहद्दी बघून थांबत नाहीत. इथे नॅनोग्रॅमचा वाद लागूच होत नाही.

भारताच्या पर्यावरण मंत्रालयाने जानेवारी २०२० मध्ये अशा सांडपाण्यातल्या प्रतिजैविकांच्या मर्यादांचा मसुदा काढला होता. २०२१ मध्ये अंतिम अधिसूचना आली तेव्हा त्या मर्यादा गायब. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं दिली, पण तत्त्वं म्हणजे कायदा नव्हे. कारखान्याच्या पाइपाला तोंड एकच असतं, मोजणं सोपं, जबाबदार कोण हेही ठाऊक. इथून सुरुवात न करता लाखो घरांच्या मोऱ्यांमागे धावणं मला तरी उलटं वाटतं.

खलबत्ता
कारखान्यांवर मर्यादा घाला, माझी हरकत कधीच नव्हती. फक्त ती सगळीकडे एकदम घाला. एका देशाने घातली की खरेदीदार पलीकडच्या देशातलं स्वस्त औषध घेतो.

बॅच_नंबर
मग निविदेतच अट टाका. सरकारी रुग्णालयं मोठे खरेदीदार असतात, त्यांनी विचारलं तर कारखाने आकडे देतात.

साबणचुरा
औषधाशिवाय भागत नाही हे मान्य. पण प्रसाधनांना त्याच तराजूत का तोलता? अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने २०१६ मध्ये ट्रायक्लोसान आणि आणखी १८ जंतुनाशक घटक हात धुण्याच्या साबणांतून काढायला लावले, कारण साध्या साबणापेक्षा ते सरस आहेत हे उत्पादकांना दाखवता आलं नाही. चेहरा घासायच्या पेस्टमधले प्लास्टिकचे मणी तिथे २०१५ च्या कायद्याने गेले. कोणाचं काही अडलं? इथे ८० टक्के की ५० टक्के ही घासाघीस नकोच, सरळ बंदी घाला.

खलबत्ता
ट्रायक्लोसान गेलं आणि त्याच्या जागी बेंझाल्कोनियम क्लोराइड आलं. तेही जलचरांना विषारीच. एकेक नाव खोडत बसलात की कारखाना पुढचं नाव काढतो.

पाणकणीस
पर्याय आधी तपासला असेल तर असं होत नाही. गिधाडं मरत होती म्हणून भारताने २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकावर बंदी घातली, तेव्हा त्याच्या जागी वापरायचं मेलॉक्सिकॅम गिधाडांना चालतं हे आधीच तपासलेलं होतं. (प्रकरण पाण्याचं नव्हे, मेलेल्या गुरांचं, ठाऊक आहे.)

अंधारखोली
सीटी स्कॅनसाठी शिरेतून आयोडीनयुक्त द्रव देतात. मात्रा ग्रॅममध्ये, आणि दिवसभरात जवळपास सगळाच, न बदलता, लघवीतून बाहेर. केंद्रात तो नीट निघत नाही. जर्मनी आणि नेदरलँड्समध्ये रुग्णांना लघवीसाठी पिशव्या देऊन बघितल्या: त्यात करा, बंद करा, कचऱ्यात टाका. आतलं द्रव जेल बनतं.

तसंच दुखऱ्या सांध्यावर चोळायचं डायक्लोफिनॅक जेल. जेमतेम सहा टक्के कातडीतून आत जातं. लावल्यावर हात धुण्याआधी कागदाने पुसले तर बरंच मोरीत जाणार नाही. हे पाकिटावर ठळक छापायला कोणता कायदा आडवा येतो?

गढूळवाणी
पिशव्यांची कल्पना पटली. पण आकारणीचं मी सोडत नाही. ती वजनावर नको, घातकपणा आणि टिकाऊपणा बघून ठरवा, म्हणजे मेटफॉर्मिनची तक्रार बरीच मिटेल.

खलबत्ता
ठरवणार कशावरून? युरोपात नव्या औषधाला पर्यावरणीय जोखमीचा अहवाल द्यावा लागतो. २००६ च्या आधीच्या कित्येक औषधांचा असा अहवालच नाही. आणि माणसांच्या औषधाची परवानगी तेवढ्या कारणावरून नाकारताही येत नाही.

गढूळवाणी
मग जुन्या औषधांचे अहवाल आधी मागवा. पैसे त्यांचेच.

एसटीपीवाला
मागवा. पण नियम लिहिताना आमच्याकडे बघा. केंद्रात आम्ही बीओडी, सीओडी मोजतो, म्हणजे पाण्यातली घाण किती प्राणवायू खाईल त्याची मापं. नॅनोग्रॅम मोजायला नमुना बाहेरच्या प्रयोगशाळेत जातो आणि निकाल येईपर्यंत ते पाणी कधीच नदीत गेलेलं असतं. स्वित्झर्लंडने बारा पदार्थ ठरवलेत, त्यांवरूनच केंद्राचं काम जोखतात. दोनशे नावांची यादी पाठवलीत तर एकही धड तपासलं जाणार नाही.