नव्या गावातला पहिला रविवार : ख्रिस्ती कुटुंबांच्या स्थलांतराचे अनुभव

मागच्या रविवारी आमच्या पिंपरीच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, उपासना संपताना पाळकसाहेबांनी एका तरुण जोडप्याचे सभासदत्वाचे पत्र वाचून दाखवले. हे दोघे आमच्या मंडळीचे सभासद असून प्रभुभोजनात भाग घेतात, तरी आपण त्यांना आपल्यात सामावून घ्यावे, असा त्यात मजकूर होता. पत्र नगर जिल्ह्यातले होते आणि ते ऐकताना मला माझे आईवडील आठवले, कारण तेही असेच पत्र घेऊन याच जिल्ह्यातून येथे आले होते.

१९७२ च्या दुष्काळात आमच्या गावच्या विहिरी आटल्या. दोघांनी काही महिने दुष्काळी कामावर खडी फोडली आणि मग वडिलांना पिंपरीच्या एका कारखान्यात काम मिळाले. पत्र्याच्या ट्रंकेत कपड्यांखाली ते पत्र, पवित्र शास्त्र आणि ‘उपासना संगीत’ एवढे जपून आणले होते, असे आई सांगत असे. वडिलांना पाळ्या असत. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात संध्याकाळच्या कुटुंब प्रार्थनेला ते घरी नसत, तेव्हा आई आम्हा मुलांना घेऊन बसे, अध्याय वाचे, गीत म्हणे आणि वाचलेल्या पानात दोरा ठेवून शास्त्र जेवणाच्या ताटाशेजारी ठेवी. वडील मध्यरात्री घरी आले की जेवणाआधी तोच अध्याय वाचत. एका खोलीच्या त्या घरात दोघांना निवांत बोलायला वेळ क्वचितच मिळत असेल, पण दोघांचा अध्याय एकच असे, हे मला मोठे झाल्यावर फार मोलाचे वाटू लागले.

आपल्या घरातल्या जोडप्याने नव्या ठिकाणी संसार आणि विश्वास दोन्ही कसे उभे केले, हे कृपया येथे लिहावे.

नंदाखालची लेक

आम्ही वसईचे कॅथलिक. लग्नानंतर दोघेही कुवेतला गेलो. तेथे सुट्टी शुक्रवारी असल्यामुळे रविवारची मिस्सा, म्हणजे आमची मुख्य उपासना, आम्ही शुक्रवारी ऐकत असू आणि होली फॅमिली कॅथेड्रलमध्ये त्या दिवशी उभे राहायलाही जागा मिळत नसे. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकी सैन्य शहरात शिरले, तेव्हा आमची थोरली मुलगी मांडीवर होती. इमारतीतल्या गोव्याच्या, मंगळूरच्या आणि केरळच्या कुटुंबांसह आम्ही तळमजल्यावर एकत्र राहू लागलो. रोज संध्याकाळी जपमाळ होई आणि तिचा एकेक भाग एकेक घर आपापल्या भाषेत म्हणे. आमच्या वाट्याचा भाग माझे यजमान मराठीत सांगत. एरवी ते चारचौघांत बोलायलाही संकोचतात.

पुढे बसने इराकमार्गे जॉर्डन, तेथे वाळवंटातल्या छावणीत मुक्काम आणि अम्मानहून एअर इंडियाच्या विमानाने मुंबई असा प्रवास झाला. दीड लाखाहून अधिक भारतीय त्या वेळी असेच परतले. साठवलेले सर्व तेथेच राहिले. कुवेत मुक्त झाल्यावर यजमानांना परत बोलावणे आले, तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांचे म्हणणे पडले की त्यांनी एकट्याने जावे आणि मी वाडी सांभाळून राहावे. मी सासऱ्यांना नम्रपणे सांगितले की आम्ही गेलो तर दोघे जाऊ, नाहीतर केळीच्या बागेत दोघेही राबू. सासरे काही दिवस बोलले नाहीत, मात्र निघताना त्यांनीच त्यांची जपमाळ माझ्या हातात ठेवली. आम्ही गेलो ते तिघेही गेलो, आणि तो निर्णय योग्य होता असे मी आजही मानते.

सुमन_मिरज

ताई, वाचताना डोळे भरून आले. थोरली आता कोठे असते?

नंदाखालची लेक

ती आता तिच्या कुटुंबासह कॅनडात असते. तिच्या मुलांना कादोडी ही आमची वसईची बोली कळते, बोलता मात्र येत नाही. रविवारी फोनवर आम्ही जपमाळेचा एक भाग एकत्र म्हणतो.

जालन्याहून एडिनबरा

आमच्या जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी स्कॉटिश मिशनच्या आधाराने बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवले, ही गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. त्यामुळे पत्नीच्या नोकरीसाठी स्कॉटलंडला जायचे ठरले, तेव्हा तेथली चर्चे भरलेली असतील, असा आम्हा दोघांचा समज होता. प्रत्यक्षात आमच्या वस्तीतल्या दगडी चर्चमध्ये पहिल्या रविवारी बहुतेक जण सत्तरीच्या पुढचे होते आणि मुले फक्त आमची होती. पत्नीला फार उदास वाटले. शहरात भारतीयांची दुसरी एखादी मंडळी शोधावी, असे तिचे मत होते. मला वाटत होते की ज्यांनी आपल्या पणजोबांपर्यंत शुभवर्तमान पोहोचवले, त्यांच्या म्हातारपणी आपण त्यांच्या बाकावर बसावे. यावर आमच्यात बरेच दिवस मतभेद राहिले.

शेवटी धाकट्याच्या बाप्तिस्म्याने प्रश्न सुटला. त्या दिवशी पत्नीने नारायण वामन टिळकांचे एक गीत पेटीवर म्हटले. उपासनेनंतर एक वृद्ध बाई तिच्याजवळ आल्या आणि ते गीत पुढच्या रविवारी पुन्हा म्हणशील का, असे त्यांनी विचारले. पुढे आजारपणात त्यांचे सर्व काही पत्नीनेच केले. ते चर्च आता बंद होऊन शेजारच्या मंडळीत विलीन झाले आहे, तेथे अशी अनेक चर्चे बंद होत आहेत. नव्या मंडळीत पत्नी आता वडीलमंडळात, म्हणजे कारभार पाहणाऱ्या वडिलांच्या मंडळात, आहे.

गोदाकाठ

माझा अनुभव थोडा वेगळा आहे. मी हिंदू घरातली, यजमान श्रीरामपूरकडच्या ख्रिस्ती कुटुंबातले. लग्नानंतर आम्ही नाशिकला शरणपूर भागात राहायला आलो. ही वस्तीच मुळात मिशनने निराधारांसाठी वसवलेली. गुलामांच्या जहाजांतून सोडवलेली आफ्रिकी मुलेही येथे शिकली आणि त्यांतलाच जेकब वेनराइट हा १८७४ मध्ये आफ्रिकेत फिरलेल्या मिशनरी संशोधक डेव्हिड लिव्हिंगस्टनचा मृतदेह घेऊन इंग्लंडपर्यंत गेला. हे मला शेजारच्या आजींनी सांगितले, तेव्हा या जागेत आपणही सामावू, असा धीर आला.

टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा संसार काही वर्षे तुटला होता. आमचा तुटला नाही, याचे श्रेय मी सासूबाईंना देते. त्या म्हणत, “तुला यावेसे वाटेल तेव्हा ये, नाहीतर घरी स्वयंपाक बघ, आम्ही दोन्ही गोड मानू.” मी मागच्या बाकावर बसू लागले. बाप्तिस्मा मी अजून घेतलेला नाही, मात्र दोन्ही मुले गायनवृंदात आहेत आणि रात्रीची प्रार्थना आम्ही चौघे मिळून करतो. यजमानांनी मला कधीही घाई केली नाही.

सुमन_मिरज

आमच्याकडे नाताळच्या करंज्या आणि चकल्या शेजारी द्यायची पद्धत आईने नव्या गावात पहिल्याच वर्षी सुरू केली, कारण दिवाळीचा फराळ सर्व घरांतून आमच्याकडे आला होता. भाड्याने घर देताना ज्या मालकीणबाईंनी आडनाव विचारून बराच विचार केला होता, त्याच पुढे डिसेंबर लागला की करंज्यांचे सारण करायला येऊन बसत.

नवा_सभासद

मी आणि पत्नी पुढच्या महिन्यात नोकरीसाठी हैदराबादला जात आहोत. मंडळीचे पत्र मिळवण्यासाठी काय करावे लागते? तेथे मराठी उपासना मिळाली नाही तर काय करावे?

(धागाकर्ती)

निघण्यापूर्वी आपल्या पाळकांना किंवा मंडळीच्या चिटणीसांना लेखी अर्ज द्यावा. त्यात दोघांची पूर्ण नावे, बाप्तिस्म्याची आणि दृढीकरणाची (कन्फर्मेशनची) तारीख लिहावी. विवाहाच्या नोंदीचा उतारा त्याच वेळी मागून घ्यावा, कारण पुढे मुलांच्या बाप्तिस्म्याच्या वेळी आणि सरकारी कामांतही तो लागतो. नव्या शहरात जी मंडळी घराजवळ असेल तेथे पहिल्या रविवारीच जावे, भाषा कोणतीही असो, आणि मराठी कुटुंब प्रार्थना घरी चालू ठेवावी. नोकरीच्या वेळा जुळत नसतील, तर पानात दोरा ठेवावा.