मदत हवी आहे: व्हॉल्व्हच्या लोरा नोडची बॅटरी वाचवायची, पण उशीर नको

मंडळी, निपाणीजवळ आमच्या उसात मातीची ओल मोजायला नोड (बॅटरीवरची छोटी रेडिओ यंत्रं) लावलेत आणि दोन नोडवर ठिबकचे व्हॉल्व्ह चालतात. ईएसपी३२ कंट्रोलर, एसएक्स१२७६ लोरा (कमी करंटात लांब पोचणारा रेडिओ) चिप, ८६५-८६७ मेगाहर्ट्झ, एकेक १८६५० लिथियम सेल. गेटवे (सगळ्या नोडशी बोलणारं मुख्य यंत्र) घरावर. लोरावॅन (लोराचं ठरीव नेटवर्क) नाही, साधं पॉइंट टू पॉइंट, म्हणजे थेट नोड ते गेटवे.

ओलीच्या नोडचं टेन्शन नाही, पंधरा मिनिटांनी उठतात, पाठवतात, परत डीप स्लीप (जवळजवळ सगळं बंद करून झोपणं). घोळ व्हॉल्व्हचा आहे, नोड झोपलेला असला की निरोप तो उठेपर्यंत थांबतो, आणि इकडं थ्री फेज करंट थोडाच वेळ असतोय, त्यातली पंधरा मिनिटं अशी घालवून कसं चालंल? रिसीव्हर कायम चालू ठेवून बघितला, उशीर गेला पण नुसता तोच दहा-बारा मिलिअँप खातो, सेल लगेच उतरतो. स्प्रेडिंग फॅक्टर (जास्त ठेवला तर निरोप लांब पोचतो, पण पाठवायला वेळ आणि करंट जास्त) १२ वरनं ९ वर आणला तर ऊस वाढल्यावर लांबचा नोड सुटायला लागला, म्हणून आता १० वर आहे.

सोलर पॅनेल उसाच्या सावलीत चार्ज होत नाही, उंच खांब तोडणीला आडवा येतो, त्यामुळं ते नको. पाच सेकंद उशीर चालंल.

आता विचार असा की गेटवेनं दोन सेकंदांचा लांब प्रिअँबल (निरोपाच्या आधीचा इशारा सिग्नल) पाठवायचा (१२५ किलोहर्ट्झला एक सिम्बॉल ८.२ मिलिसेकंद, म्हणजे २४५ च्या आसपास सिम्बॉल) आणि नोडनं त्याच्या आत एकदा उठून कॅड (हवेत लोरा सिग्नल आहे का याची झटपट तपासणी) करून बघायचं. पण ईएसपी३२ ला दरवेळी बूट व्हायलाच बराच करंट लागतो. कुणी हे शेतात चालवलंय का? ईएसपी३२ वरच जमंल, का कॅडसाठी एटीमेगा३२८ सारखा छोटा कंट्रोलर घालावा?