विंचू आणि प्राझोसिन

अ‍ॅड्रिनलिन म्हणजे जीव वाचवणारं औषध, असं सगळे म्हणतात. अ‍ॅलर्जीच्या जोरदार अ‍ॅटॅकमध्ये मांडीत दिलेलं इंजेक्शन वाचवतंच, त्यात वाद नाही. पण तेच अंगात बेसुमार सुटलं तर काय होतं हे कोकणातल्या लाल विंचवाने दाखवलंय. त्याच्या विषाने शरीरातलंच अ‍ॅड्रिनलिन आणि त्याचं भावंड नॉरअ‍ॅड्रिनलिन, ही हार्मोन्स धो धो सुटतात, रक्तवाहिन्या आवळतात, बीपी चढतं, हृदय दमतं आणि फुप्फुसात पाणी भरतं. अशा गंभीर केसेसमध्ये पूर्वी २५-३० टक्के माणसं जायची, त्यात लहान मुलं फार. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी १९८० च्या दशकात यावर प्राझोसिन वापरायला सुरुवात केली, ही बीपीची साधी गोळी, अल्फा रिसेप्टर (रक्तवाहिन्यांवर अ‍ॅड्रिनलिन जिथे चिकटून काम करतं त्या जागा) अडवते आणि आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करते, त्याने मृत्यू एकदम खाली आले. २०२२ ला पद्मश्री मिळाली त्यांना, फार आधी मिळायला हवी होती.

माझ्या चुलतभावाला लहानपणी लाकडं काढताना हा विंचू चावला होता. ठणका फारसा नव्हता म्हणून घरचे निवांत, पण तासाभरात शर्ट घामाने पिळून काढावा असा आणि हातपाय गारठलेले, काकू नुसती तळवे चोळत बसलेली. दवाखान्यात ही गोळी दिली, आणि उठू द्यायचे नाहीत अजिबात, कारण पहिल्या डोसने उभं राहिल्यावर बीपी धाडकन पडू शकतं. डॉक्टर रात्रभर येऊन त्याचे तळपाय हाताने चाचपायचे. पहाटे म्हणाले, गरम झाले.