दर तीन सेकंदांनी चित्र बदललं की गोष्ट होते का?

स्थिर चौकट
परवा आपल्या या मंचावर एका सभासदाने नव्या व्हिडिओवाल्यांना सल्ला दिला होता: "प्रेक्षक टिकवायचा असेल तर दर तीन सेकंदांनी चित्र बदला, पहिल्या पाच सेकंदांत शेवट दाखवून टाका, एकही क्षण रिकामा ठेवू नका. यालाच व्हिज्युअल स्टोरीटेलिंग, म्हणजे चित्रातून गोष्ट सांगणं, म्हणतात." खाली 'फार उपयोगी', 'सेव्ह केलं' अशी रांग लागलेली. वाचून चीड आली, म्हणून सविस्तर लिहितोय.

नऊ वर्षं एडिटिंग करतोय. चावीच्या जुन्या घड्याळांच्या दुरुस्तीचे व्हिडिओ करतो. त्यातल्या एकात घड्याळ का बंद पडतंय हे मी कॅमेऱ्यासमोर बसून दीड मिनिट समजावलं होतं. झूम, बाण, स्क्रीनभर शब्द, दर दोन-तीन सेकंदांना काहीतरी हलतंय. रिटेन्शनचा ग्राफ, म्हणजे कुठल्या क्षणाला किती प्रेक्षक टिकून आहेत ते दाखवणारी रेघ, नेमका तिथेच कोसळला. पुढच्या व्हिडिओत तशाच बिघाडासाठी एकच शॉट ठेवला. बॅलन्स व्हील, म्हणजे घड्याळाची चाल सांभाळणारं मागेपुढे फिरणारं चाक, जवळून दिसतंय, ते हलायला लागतं, दोन-तीन हेलकावे घेतं, दमतं, थांबतं. पुन्हा चिमट्याने ढकललं, पुन्हा थांबलं. वीस सेकंद, एकही कट नाही, मी एक शब्द बोललेलो नाही. तिथे ग्राफ सपाट राहिला आणि मध्ये चक्क उंचवटा आला, म्हणजे लोक मागे जाऊन तेवढा भाग पुन्हा बघत होते.

का थांबले लोक? कारण त्यांना प्रश्न पडला: हे चालू होणार का? चित्राने प्रश्न विचारला, उत्तर लांबवलं, आणि लांबवण्याचं कारणही चित्रातच दिसत होतं. माझ्या मते व्हिज्युअल स्टोरीटेलिंग एवढंच आहे. प्रश्न नसेल तर सेकंदाला दहा कट मारा, बघणाऱ्याचा अंगठा वर सरकणारच.

कात्री
तो सल्ला माझाच होता, तेव्हा उत्तर मीच देतो.

तुमचा प्रेक्षक घड्याळवेडा आहे. तो शोधत शोधत तुमच्यापर्यंत आलाय, तो वीस सेकंद थांबणारच. माझ्या क्लायंटचा प्रेक्षक कुणाला शोधत नसतो, तो फक्त स्क्रोल करत असतो. यूट्यूब स्वतः तिसाव्या सेकंदाला किती लोक उरले हा आकडा ठळक करून दाखवतं, ते उगाच? शॉर्ट्समध्ये, म्हणजे यूट्यूबच्या छोट्या व्हिडिओंत, तर ३१ मार्च २०२५ पासून व्हिडिओ सुरू झाला की व्ह्यू धरला जातो, किती वेळ पाहिलं याची अट नाही. म्हणजे आकडा मिळाला तरी माणूस थांबला असं होत नाही. थांबवायचं काम आमचं, आणि तेही पहिल्या काही क्षणांत.

कट म्हणजे काही पाप नाही. चित्रपटात दोन शॉट शेजारी ठेवले की तिसरा अर्थ निघतो, हे कुलेशोव्ह या रशियन दिग्दर्शकाने शंभर वर्षांपूर्वी दाखवून दिलंय. कट हीच चित्रपटाची भाषा आहे. 'एकही कट नाही' ही फुशारकी मला पटत नाही.

स्थिर चौकट
कुलेशोव्हचं उदाहरण तुम्ही काढलंत ते बरं झालं. त्या प्रयोगात नटाचा चेहरा तोच होता. पुढे सूपची वाटी आली तेव्हा लोकांना त्याच्या चेहऱ्यावर भूक दिसली, शवपेटी आली तेव्हा दुःख दिसलं. त्या दोन चित्रांत नातं होतं म्हणून अर्थ निघाला. तुमच्या सल्ल्यात नात्याबद्दल अवाक्षर नाही, फक्त घड्याळ लावलंय.

आणि दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये पहिल्या चित्रपटासाठी भांडवल मिळवायला काय दाखवलं होतं? कुंडीत पेरलेला वाटाणा उगवतो कसा, ते. महिनाभराहून जास्त काळ कॅमेरा कुंडीसमोर रोखून त्यांनी ती वाढ टिपली, आणि ती काही क्षणांची फिल्म बघून माणूस पैसे लावायला तयार झाला. कॅमेरा जागचा हलला नव्हता, हलत होता तो वाटाणा.

खडू-फळा
मी शिकवते, त्यामुळे माझा कल स्थिर चौकट यांच्याकडे आहे, पण 'घड्याळवेडे म्हणून थांबले' हा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. शिकायला आलेलेही फार वेळ थांबत नाहीत. फिलिप ग्वो हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरच्या अभ्यासक्रमांतली व्हिडिओ बघण्याची ६९ लाख सत्रं तपासली होती. व्हिडिओ कितीही लांब असो, लोक टिकण्याचा मध्यक (निम्मे लोक ज्याच्या आत निघून जातात ती वेळ) सहा मिनिटांच्या वर गेला नाही. पण त्यांना आणखी एक गोष्ट आढळली: तयार स्लाइड दाखवण्यापेक्षा हाताने काढत काढत समजावलेली आकृती लोकांना जास्त धरून ठेवते.

माझाही अनुभव हाच. पूर्ण आकृती एकदम टाकली की मुलं बघून मोकळी होतात. तीच रेघ रेघ करत काढली की 'आता हा बाण कुठे जाणार' म्हणून थांबतात. आकृती तीच, माहिती तीच.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. बोललेला प्रत्येक शब्द स्क्रीनच्या मधोमध उड्या मारत येतो, ते बंद करा! शिकण्याच्या मानसशास्त्राचे अभ्यासक रिचर्ड मेयर यांनी हे वारंवार दाखवलंय: चित्र आणि निवेदन दोन्ही असताना तेच निवेदन पुन्हा लिहून दाखवलं, तर समजायला मदत होण्याऐवजी अडचणच होते. डोळे अक्षरांमागे धावतात, चित्र राहून जातं.

कान देऊन
तुम्ही सगळे डोळ्यांपुरतंच बोलताय, म्हणून मध्ये पडते.

माझ्या वडिलांची नजर गेली चार वर्षं मधोमध धूसर झालीय. कडेचं दिसतं, समोरचं नाही. आयुष्यभर हातात हत्यारं धरलेला माणूस. दुरुस्तीचे, सुतारकामाचे व्हिडिओ हा त्यांचा दिवसाचा मोठा आधार होता. पूर्वी माणसं बोलायची: आता हा स्क्रू डावीकडे अर्धा फेरा सैल करतोय, आता पट्टी खालून सरकवतोय. बाबा ऐकून सगळं डोळ्यांपुढे उभं करायचे. मग 'सांगू नका, दाखवा' ही टूम आली. आता नुसतं संगीत, त्याखाली हात चालतायत, आणि बाबा मला विचारतात, "काय करतोय गं तो?"

स्थिर चौकट, तुमचा तो वीस सेकंदांचा शॉट, ज्यात तुम्ही एक शब्द बोलला नाहीत, त्यात माझ्या बाबांना काय मिळालं?

कात्री
दुःख समजतं. पण व्हिडिओ हे बघायचंच माध्यम आहे. प्रत्येक व्हिडिओ प्रत्येकासाठी करता येत नाही. ज्यांना ऐकायचंय त्यांच्यासाठी श्राव्य कार्यक्रम आहेतच की.

कान देऊन
'श्राव्य कार्यक्रम आहेतच' हे वाक्य दिसणाऱ्या माणसानेच लिहावं. घड्याळ कसं उघडायचं याचा श्राव्य कार्यक्रम कुठे असतो ते दाखवा मला. बाबा काही भीक मागत नाहीयेत. हात काय करतायत ते तोंडाने सांगा, एवढंच मागणं आहे. वेबच्या सुगम्यतेचे, म्हणजे अपंगांनाही ते वापरता यावं यासाठीचे, जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, त्यांत चित्राचं श्राव्य वर्णन कधीचं आहे. आणि तुम्ही ते इतरांची सोय म्हणून बाजूला सारता!

खडू-फळा
कात्री, ते वाक्य मागे घ्या. इतकं कोरडं बोलायची गरज नव्हती.

लोलक
विषय निघालाच आहे तर माझंही ऐका. मला अर्धशिशी आहे. दोन शॉटच्या मध्ये जो पांढरा लखलखाट टाकतात, त्याने मागच्या महिन्यात मी दोन दिवस अंधाऱ्या खोलीत काढले. एका सेकंदात तीनपेक्षा जास्त लखलखाट नकोत, असं त्याच निकषांत आहे. हा नियम कुणाच्या नाजूकपणासाठी केलेला नाही. डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये एका कार्टूनच्या भागात लाल-निळा प्रकाश झपाझप लुकलुकला आणि शेकडो मुलांना दवाखान्यात न्यावं लागलं. 'एकही क्षण रिकामा नको' हे शेवटी कुठे जाऊन पोचतं ते बघा.

कात्री
'श्राव्य कार्यक्रम आहेतच' हे वाक्य मागे घेतो. चुकलं.

लखलखाटाचंही मान्य. माझ्या तयार साच्यात तो होता, आज काढून टाकला. पण वेगाचा मुद्दा मी सोडलेला नाही. रोज संध्याकाळी क्लायंट मला पडलेला ग्राफ पाठवतात. गेल्या वर्षी एका कामात मी ऐकणाऱ्यांसाठी म्हणून सगळी कृती शब्दाशब्दाने सांगितली होती, लोक पहिल्याच मिनिटात गेले. हात दिसतोय, तोच हात मी सांगतोय, म्हणजे बघणाऱ्याला सगळं दोनदा. खडू-फळा यांचे मेयर इथेही लागू होतात ना?

खडू-फळा
नाही होत. मेयर यांचा आक्षेप ऐकलेलं निवेदन पुन्हा वाचायला लावण्यावर आहे. चित्रासोबत बोलणं हे तर ते चांगलंच मानतात. तरी एवढं कबूल करते, की 'आता मी स्क्रू काढतोय' असं दिसतंय तेच सांगितलं तर कंटाळा येतो. 'हा स्क्रू डाव्या आट्यांचा आहे, उलटा फिरतो' असं सांगितलं तर दोघांनाही काहीतरी मिळतं.

आणि स्क्रीनवरच्या शब्दांबद्दल, म्हणजे कॅप्शनबद्दल, माझं वाक्य सुधारते. ज्यांना ऐकू येत नाही त्यांना ती हवीतच. फक्त बंद-चालू करता येतील अशी द्या, चित्रात कोरून टाकू नका.

स्थिर चौकट
कान देऊन, तीन दिवस उत्तर दिलं नाही, कारण उत्तर नव्हतं. त्या शॉटचा मला अभिमान होता, अजून आहे. पण डोळे मिटून तो व्हिडिओ लावला तेव्हा वीस सेकंद नुसती शांतता ऐकू आली. त्यात प्रश्नही नव्हता आणि उत्तरही नव्हतं. माझीच व्याख्या माझ्याच शॉटला लागू पडेना.

काल तो भाग पुन्हा टिपला. छोटा मायक्रोफोन घड्याळाच्या अगदी पोटाशी नेला. आता टिकटिक सुरू होते, क्षीण होत जाते आणि थांबते. त्याआधी एकच वाक्य बोललोय: "बॅलन्सला हलकासा धक्का देतोय, ऐका." कट अजूनही एकही नाही, कात्री.

कात्री
पाहिला. सुरुवातीला घड्याळ कुणाचं, किती वर्षं बंद, हे चाळीस सेकंद चाललंय. तिथे माणसं गळणार. टिकटिक थांबते तो क्षण अगदी पुढे आणा, मग बोला काय ते. टिकटिकीचा भाग मात्र तोडू नका, तेवढं मी म्हणेन.

कान देऊन
बाबांना ऐकवला. टिकटिक थांबली तेव्हा ते खुर्चीत पुढे सरकले. मग म्हणाले, "धक्का देऊन काय होणार? वंगण वाळलंय ते. आधी धुवायला हवं." स्थिर चौकट, पुढच्या भागात धुताना कुठला भाग आधी सोडवता ते बोलून सांगा. ते वाट बघतायत.